इंगळे सरांचं लाइटवालं घड्याळ

सव्वीस जानेवारीचा झेंडा वर गेला होता, फुलं खाली पडली होती, आणि आम्ही सगळे शिक्षक कपाळाला हात लावून सलामीत उभे होतो. तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने ओठ न हलवता आवाज आला, "मॅडम, तुमच्या ह्या चपला घ्याजोग्या हायेत का?"

मी मान वळवली नाही. राष्ट्रगीत सुरू व्हायचं होतं.

"नाई, मी फक्त विचारून राहिलो," आवाज म्हणाला. "टाच झिजते का, तेवढंच सांगा."

हे आमचे इंगळे सर. अकोल्याहून बदली होऊन आमच्या अमरावतीच्या शाळेत आले त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. माझं नाव त्यांनी नंतर विचारलं. आधी माझी पर्स, माझा डबा आणि माझी स्कूटी या क्रमाने चौकशी झाली. डबा तर त्यांनी उलटा करून बुडाचा शिक्का वाचला, आणि आतली भेंडी झाकणाला चिकटली.

सर विज्ञान शिकवत. उत्तम शिकवत, हे मला सांगितलंच पाहिजे. प्रकाशाचं परावर्तन त्यांनी शिकवलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची पोट्टीसुद्धा घरी जाऊन आरसे हलवत बसायची. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, शर्टाची वरची गुंडी नेहमी लावलेली. सोमवारी पहाटे अकोल्याहून निघून शाळेत यायचे, आठवडाभर इथे एका खोलीत राहायचे, आणि शनिवारी शाळा सुटली की पिशवी उचलून स्टँडवर. एवढं सगळं ठीक होतं. पण या माणसाला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की अख्ख्या गावाचं मत लागायचं.

एकदा त्यांना छत्री घ्यायची होती. जूनमध्ये चौकशी सुरू झाली. काळी की रंगीत, दोन घडीची की तीन घडीची, काडी लोखंडाची की कशाची. स्टाफरूममध्ये जो कोणी छत्री घेऊन येईल त्याची छत्री उघडून, उलटी करून, फुंकर मारून पाहिली जायची. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरच्या उन्हात सर एक दिवस कोरी करकरीत छत्री घेऊन आले आणि आम्ही विचारायच्या आत म्हणाले, "पुढच्या वर्षी कामी येईन." कूलर त्यांनी दिवाळीत घेतला. हेल्मेट घेताना ते दुकानात एकेक हेल्मेट घालून अर्धा-अर्धा तास बसले होते, असं मला त्या दुकानदारानेच सांगितलं. मी दुसऱ्या कामाने गेले होते तिथे. "तुमच्या शाळेचे सर आहेत का ते?" असं त्याने ज्या स्वरात विचारलं, त्यावरून मी "नाही" म्हणाले.

तर दसऱ्यानंतरची गोष्ट. सर स्टाफरूममध्ये आले, डबा ठेवला, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर एक जाडजूड घड्याळ होतं. काळा रबरी पट्टा, मोठे आकडे, बाजूला चार बटणं.

"मॅडम, हे आउटडोअर घड्याळ हाये. क्वार्ट्झ. आतमंधी लाइट हाये. घ्याजोगं हाये का?"

मी नववीच्या गणिताच्या वह्या तपासत होते. "सर, लाइट कशाला पाहिजे?"

"अंधारात टाइम पाह्याले."

"अंधारात मोबाइल आहे की."

"मोबाइल खिशात राह्यते मॅडम, घड्याळ हातात राह्यते." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू नियम फळ्यावर लिहून घ्यायचा आहे. "अन् मोबाइलची लाइट लागली की डोये दिपते. मंग टाइम दिसते, पन बाकीचं काहीच दिसत नाई."

"मग घ्या."

"पन घ्याजोगं हाये का?"

ही अडचण होती. "नका घेऊ" म्हटलं तर ते का म्हणून विचारायचे, आणि "घ्या" म्हटलं तरी का म्हणून विचारायचे. दोन्हीकडून रस्ता माझ्या मोकळ्या तासातूनच जायचा.

पुढच्या दोन आठवड्यांत मला घड्याळांबद्दल इतकं कळलं, जितकं माणसाला कळायची गरज नाही. लाइट दोन तऱ्हेची असते. एक, अख्खी डायल मागून उजळते, निळसर. दुसरी, एका कोपऱ्यात बारकासा दिवा असतो आणि तो तिरका उजेड टाकतो. त्या दुसऱ्या तऱ्हेत बारा, एक, दोन झक्क दिसतात, पण नवाच्या आकड्यावर अंधार. "म्हंजे सकायी नऊ वाजता काय करावं मानसानं?" सर विचारायचे. सकाळी नऊला ऊन असतं, लाइट लावावी लागत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि पाच मिनिटांनी तोच प्रश्न आमच्या खेळाच्या राऊत सरांना विचारला.

काट्यांवर जो हिरवा चकाकणारा रंग असतो तो दिवसा उजेड पितो आणि अंधारात थोडा वेळ जगतो, मग विझतो. लाइट सारखी लावली तर सेल लवकर उतरतो. रोजच्या वापरात तो दोन-तीन वर्षं चालतो. क्वार्ट्झचं घड्याळ चावी मागत नाही, महिनाभरात मागेपुढे झालंच तर काही सेकंद. हे सगळं मला पाठ झालं. शंभर मीटर पाण्यात चालतं असं त्याच्यावर लिहिलेलं असतं, त्यावर तर सरांनी प्रार्थनेच्या आधी भाषणच दिलं.

"शंभर मीटर खोल पानी अख्ख्या वऱ्हाडात कुठी हाये ते दाखवा मले. आमच्या मोर्णा नदीत तं उन्हाळ्यात गुडघा भिजत नाई. मंग हे शंभर मीटर मी कोठी वापरू?"

"मग साधं घ्या," राऊत सर म्हणाले.

"पन बाल्टीत पडलं तं?"

राऊत सरांकडे स्वतःचं असंच एक लाइटवालं घड्याळ होतं. मैदानावर शिट्टी आणि ते, दोन्ही गळ्यात आणि हातात कायम. त्यांच्या त्या घड्याळाची जी दशा झाली ती पाहून मला राऊत सरांची कीव आली. प्रयोगशाळेत ते चंचुपात्रात बुडवलं गेलं. टेबलाखाली बसून, वरून काळं कापड टाकून त्याची लाइट किती सेकंद राहते ते दुसऱ्या घड्याळाने मोजलं गेलं. कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये कुल्फीशेजारी ते तासभर ठेवलं गेलं, थंडीत काटा मंदावतो का ते बघायला. काटा मंदावला नाही. राऊत सर मात्र त्या तासात दर पाच मिनिटांनी फ्रीजर उघडून बघत होते आणि कुल्फी वितळली म्हणून कॅन्टीनवाली बाई त्यांनाच बोलली.

एका संध्याकाळी मला भाच्याच्या वाढदिवसाला घड्याळ घ्यायचं होतं. माझ्या दुर्दैवाने सर त्याच दुकानात होते. मला बघून त्यांचा चेहरा असा खुलला की परत फिरायचं धाडस होईना.

"या मॅडम, बरं झालं. बाईमानसाची नजर बारीक राह्यते." आणि मग दुकानदाराकडे वळून, "भाऊ, जरा शटर खाली घ्या बरं."

दुकानदाराचा हात गल्ल्याच्या कुलपाकडे गेला. "कशाले?"

"अंधार करा लागते."

"कशाले अंधार करा लागते?"

"लाइट पाह्याले!"

तो दुकानदार तरुण होता आणि घाबरला होता. शेवटी मी मध्ये पडले, आम्ही शिक्षक आहोत असं सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं. शटर काही खाली आलं नाही. मग सरांनी कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं उचललं, घड्याळ हातात धरलं, आणि भर बाजारात, लोक येताजाता बघत असताना, डोकं त्या खोक्यात घातलं. आतून आवाज आला, "नवावर अंधार हाये." थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "मॅडम, तुमीबी पाहून घ्या."

मी भाच्याला पुस्तक घेतलं.

डिसेंबरमध्ये शाळेच्या शिक्षकांची सहल सेमाडोहला गेली. मी वीस वर्षं अमरावतीत राहते, पण मेळघाटचं जंगल आतून कधी पाहिलं नव्हतं. मला त्या सहलीकडून फार आशा होती. महिनाभर आधीपासून मी दुर्बीण मागून ठेवली होती, हिरव्या रंगाचा पंजाबी ड्रेस काढून ठेवला होता. परतवाड्याच्या पुढे घाट लागला तशी थंडी सुरू झाली आणि इंगळे सरांनी खिशातून राऊत सरांचं घड्याळ काढलं.

"आउटडोअर घड्याळ आउटडोअर पाह्यलं पाह्यजे," ते म्हणाले.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत वीज गेली. सगळे टॉर्च शोधायला लागले. सर म्हणाले, "थांबा, थांबा," आणि बटण दाबलं. त्या मिणमिणत्या तिरक्या उजेडात फक्त घड्याळ दिसलं. कढी कुठे आहे, पोळ्या कुठे आहेत, काही दिसेना. वाजले किती ते मात्र सगळ्यांना कळलं. "लाइट घड्याळापुरती हाये," सरांनी गंभीरपणे निष्कर्ष काढला, "मानसापुरती नाई." आम्ही हसलो. मीही हसले. तोपर्यंत मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या जीपमधून आम्ही जंगलात गेलो. पुढे गाइड, मागे आम्ही. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे सर येऊन बसले. गाइडने आधीच बजावलं होतं, बोलायचं नाही. सर बोलले नाहीत, तेवढं त्यांच्या बाजूने सांगते. त्यांनी माझ्या दंडाला बोटाने टोचलं आणि खुणा केल्या. घड्याळाकडे बोट, मग माझ्या शालीकडे बोट, मग डोक्यावरून पांघरण्याची खूण. म्हणजे शालीच्या आत अंधार होईल आणि लाइट नीट दिसेल.

मी दोनदा मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा खूण केली. चेहरा इतका अजीजीचा होता, की एकदाचं बघून टाकावं आणि सुटावं म्हणून मी घड्याळ घेतलं आणि शाल डोक्यावरून ओढली.

आत ऊबदार अंधार होता. मी बटण दाबलं. बारा, एक, दोन झक्क दिसले.

जीप थांबली. कोणीतरी श्वास आत ओढला. मला वाटलं रस्त्यात लाकूड आलं असेल. मी शालीच्या आत नवाचा आकडा शोधत होते, कारण खरं सांगायचं तर आता मलाही तो दिसतो की नाही हे बघायचं होतं. मग कोणाचा तरी हात माझ्या शालीवर जोरात आपटला. मी डोकं बाहेर काढलं.

बांबूच्या बेटात शेपटीचं टोक शिरताना दिसलं. पिवळं, काळे पट्टे, आणि मग फक्त हलणारी पानं.

"वाघ," राऊत सर कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, रस्त्यावर उभा होता. आपल्याकडे पाहत होता. इतका वेळ."

गाइड म्हणाला, त्यालाही कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. मुख्याध्यापिका बाईंना दिसला, ज्यांना चष्म्याशिवाय हजेरीपट दिसत नाही. ड्रायव्हरला दिसला. सगळ्या जीपमध्ये दोनच माणसांना दिसला नाही. एक मी, आणि दुसरे इंगळे सर, कारण ते माझ्या शालीकडे बघत होते.

परत आल्यावर जेवायला बसलो. सगळे वाघाबद्दलच बोलत होते. कान कसे होते, पंजा कसा टाकला, मान कशी वळवली. मी भाकरी मोडत होते आणि ऐकत होते. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"मॅडम, मंग काय वाटलं? नऊ दिसला का?"

मी ताटावरून हात उचलला.

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "ते घड्याळ घ्या, नका घेऊ, विहिरीत टाका. पण आजपासून मला एक अक्षर विचारायचं नाही. वर्षभर विचारताय! छत्री विचारता, चप्पल विचारता, जीव खाता माणसाचा. तुम्हाला घरी विचारायला कोणी नाही का?"

कोणीतरी पाण्याचा पेला खाली ठेवला, तो आवाज ऐकू आला.

इंगळे सरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या पोरीने बरोबर उत्तर दिलं की बघतात तसं.

"नाई मॅडम," ते म्हणाले. "कोनी नाई."

आणि मग मला आठवलं. त्यांच्या बदलीच्या कागदांत होतं ते. पत्नी हयात नाही. तीन ओळींची माहिती, त्यातली एक ओळ. कारकून रजेवर होता म्हणून कागद लावताना मीच वाचली होती, आणि फाइल बंद केल्यावर विसरून गेले होते.

परतीच्या वाटेवर सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. राऊत सरांचं घड्याळ त्यांनी रुमालाने पुसून परत केलं होतं.

सोमवारी मी त्यांची माफी मागितली. "काई नाई मॅडम," ते म्हणाले. "तुमचं बरोबरच हाये. मी लय विचारतो." एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. मला नाही, राऊत सरांना नाही, कोणालाच नाही. नवीन शिपाई नवी सायकल घेऊन आला, सर तिच्या शेजारून गेले आणि त्यांनी ब्रेकसुद्धा दाबून पाहिला नाही. मोकळा तास खरोखर मोकळा झाला. माझ्या वह्या वेळेवर तपासून व्हायला लागल्या. मला वाटलं होतं, बरं वाटेल. पहिल्या आठवड्यात वाटलंही. मग एक दिवस मी नवा कुकर घेतला, आणि स्टाफरूममध्ये मुद्दाम दोनदा त्याचा विषय काढला. वर्तमानपत्र खाली आलं नाही.

जानेवारीच्या शेवटी मावशीला बघायला मी अकोल्याला गेले. मावशी जुन्या शहरात राहते, मोर्णेच्या पलीकडे, बाजाराच्या गल्लीत. तिच्याकडे पोचले आणि माझ्या लक्षात आलं की माझं घड्याळ बंद पडलंय. मावशी म्हणाली, कोपऱ्यावर युनूसभाई बसतात, सेल टाकून देतील.

युनूसभाईंचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि एक माणूस. साठीच्या पुढचे, डोळ्याला भिंग लावून बसलेले. माझं घड्याळ उघडता उघडता त्यांनी विचारलं, "अमरावतीहून का मॅडम? कोनत्या शाळेत?"

मी नाव सांगितलं. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं.

"मंग आमच्या इंगळे सरांले वयखत असान तुमी!"

"ओळखते ना," मी म्हणाले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून, थोडं अपराधी वाटत होतं म्हणूनही, म्हणाले, "युनूसभाई, त्यांना एक लाइटवालं घड्याळ घ्यायचंय. किती दिवसांपासून विचारताहेत. तुम्हीच एकदा सांगा ना, घ्यावं का नाही ते."

"घ्याचं हाये? मॅडम, घेऊन तं दिवाळीच्या बी आंधी झालं."

"काय?"

"माह्याच हातानं देलं. क्वार्ट्झ, मागून लाइटवालं, निळी लाइट. वस्तू बढिया हाये. जंगलात जाणाऱ्याले, वावरात जाणाऱ्याले एक नंबर. दर रविवारी घालून येते इथं. ह्या स्टुलावर बसते, चहा पेते."

दिवाळीच्या आधी. म्हणजे खोक्यात डोकं घातलं त्याच्या आगेमागे. म्हणजे सेमाडोहला जाताना घड्याळ घरात पडलेलं होतं. माझ्या डोक्यात आधी रागच आला, हे कबूल करते. माझा वाघ गेला तो या माणसाच्या घरात आधीच असलेल्या घड्याळापायी.

"मग आम्हाला कशाला विचारत होते? एकदाही घालून आले नाहीत शाळेत."

"म्या बी म्हनलं त्याईले, सर, घालून जा ना. तं म्हने, युनूसभाई, घड्याळ हातात दिसलं की विचाराचं संपलं. मंग त्या लोकाईशी मी बोलू काय?"

ते पुन्हा भिंग लावून माझ्या घड्याळात वाकले. सेल बसवता बसवता, वर न बघता बोलत राहिले.

"भाभी होती तवा दोघं येत. सर विचारत राहत, हे कसं हाये, थे कसं हाये. भाभी दोन मिनिट आयकत, मंग म्हनत, भाऊ, हे बांधा. सौदा खतम! सर रस्त्यानं जाताजाता अजून विचारतच हायेत, अन् भाभीच्या पिशवीत वस्तू. तीस वर्षं असंच चाललं. तीन वर्षांखाली भाभी गेली. पोरगी लगन होऊन दूर. आता विचारनं तं राह्यलं, पन सौदा खतम करनारं कोनी नाई." त्यांनी झाकण दाबून बसवलं. "अन् मागच्या महिन्यापासून काय झालं तं माहीत नाई. मलेबी काही विचारत नाई. येते, बसते, चहा पेते, जाते. तुमी पाहजा बरं तिकडं जरा. पन मी सांगतलं असं म्हनजा नका."

मी पैसे दिले आणि घड्याळ हातात घातलं. मावशीकडे जाताना मी गल्ली चुकले, त्या एवढ्याशा गल्लीत.

सोमवारी चौथा तास माझा मोकळा असतो. त्यांचाही. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटायला त्यांनी हात लांब केला तेव्हा बाही वर सरकली, आणि मला त्यांच्या मनगटावर दाबाची एक पुसट खूण दिसली. घड्याळाच्या पट्ट्याएवढी, रविवारची. दिवाळीपासून दर सोमवारी ती तिथे असणार. त्याच हाताने त्यांनी माझ्यासमोर वर्षभर वस्तू उचलल्या होत्या, ठेवल्या होत्या.

घड्याळाचा विषय काढला तर त्यांना कळेल की मला कळलंय. चप्पल, छत्री, कुकर, काहीच जमेना. मी खुर्ची उचलून त्यांच्या टेबलाशी नेली. खुर्चीचा आवाज झाला तसं त्यांनी वर बघितलं.

"सर," मी म्हणाले, "वहिनींचं नाव काय होतं?"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. त्यांनी घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला, पुन्हा एक घडी घातली.

"मंदा," ते म्हणाले. "इथं कोनी विचारलंच नाई कधी."

मंदावहिनी आरोग्य केंद्रात नर्स होत्या. खेड्यांवर फिरायच्या, लहान पोरांना लसी टोचायच्या. पोरं त्यांना बघून पळायची आणि त्या मागे पळायच्या, आणि पळण्यात त्यांना कोणी हरवलं नाही. चहात साखर जास्त घालायच्या. चुकीच्या बसमध्ये बसल्या तर उतरायच्या नाहीत, म्हणायच्या, ही बी कुठंतरी जाईनच की. सर एकामागून एक सांगत होते. मला काही विचारावं लागत नव्हतं. मध्येच ते हसले, आणि मला जाणवलं की एवढ्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

"उभ्या जन्मात एक वस्तू मी तिले न विचारता घेतली," ते म्हणाले. "एक साडी. इथंच अमरावतीत, पेपर तपासाले आलो होतो तवा. दुकानासमोरून चाललो होतो, बाहेर टांगून होती, आत गेलो अन् घेतली. कोनाले विचारलं नाई, काई नाई. घरी गेलो. तिनं घडी उघडली अन् म्हने, इश्श, हा काय रंग हाये का? मले तं विचाराचं होतं."

"मग?"

"मंग काय. चार वर्षं ज्या लग्नाले गेली त्या लग्नाले तेच नेसून गेली. अन् दर खेपी घरून निंगताना म्हने, तुमच्या साडीपायी आज लोक हासतीन मले."

तास संपल्याची घंटा झाली. मला नववी ब वर जायचं होतं आणि मी कधी उशिरा जात नाही. मी उठले नाही.

सरांनी खिशातून मोबाइल काढला. बराच वेळ बोटाने फोटो सरकवत राहिले, मग एकाशी थांबले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. लग्नाचा मांडव, मागे खुर्च्या, आणि मधोमध एक ठेंगणी, ठसठशीत बाई. साडी पिवळी होती, झेंडूपेक्षा थोडी गडद. कोणीतरी हसवलं असावं, कारण तोंडावर पदर धरायला तिने हात उचलला होता आणि तो पोचायच्या आधीच फोटो निघाला होता.

"तुमी सांगा बरं मॅडम," ते म्हणाले. "वाईट दिसते का?"

मी मोबाइल हातात घेतला. फोटो मोठा करून पाहिला. काठ पाहिले, पदर पाहिला, तो रंग तिच्या चेहऱ्यावर कसा पडलाय ते पाहिलं. घाई केली नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "फार छान दिसतात. हाच रंग पाहिजे होता त्यांना."

सरांनी मोबाइल परत घेतला, स्वतःही एकदा नीट पाहिलं आणि मान डोलावली.

"मी बी तिले तेच म्हनत होतो," ते म्हणाले. "पन माह्यावर तिचा भरोसा नव्हता."